शीर की धमनी? रक्तवायू-परीक्षणातील तारतम्य

मुंबईच्या उपनगरांतील अनेक नर्सिंग होम्सचा रात्रीचा कारभार आपल्या शाखेच्या पदवीधरांच्या खांद्यावर चालतो, हे आता कोणापासून लपलेले नाही. अंधेरी असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा मुलुंड, तज्ज्ञ डॉक्टर दूरध्वनीवर उपलब्ध असतात. रुग्णाच्या उशाशी उभा असतो तो निवासी वैद्यकीय अधिकारी, आणि तो पुष्कळदा बी. ए. एम. एस. असतो. २०२०-२१ च्या कोविड काळात अंधेरीचे सेव्हन हिल्स, गोरेगावचे नेस्को, मुलुंड व दहिसर येथील तात्पुरती केंद्रे यांनी कृत्रिम प्राणवायू, पल्स ऑक्सिमीटर आणि ‘एबीजी’ हे शब्द सामान्य नागरिकाच्याही तोंडी आणले. आयुष वैद्यांनीही त्या काळात मोठी सेवा बजावली.

श्वास लागलेला, ग्लानी आलेला किंवा सतत वांत्या होणारा रुग्ण दाखल झाला, की ‘एबीजी करून घ्या’ ही सूचना आजही ठरल्यासारखी येते. एबीजी म्हणजे धमनीतील रक्ताचे वायू-परीक्षण. त्यासाठी मनगटातील धमनीत सुई घालावी लागते. तेच परीक्षण शिरेतील रक्तावरही करता येते. त्यास व्हीबीजी म्हणतात. कोणत्या रुग्णाला कोणते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. परिणामी दोन प्रकारचे प्रमाद घडतात. जेथे शीर पुरली असती तेथे धमनी टोचली जाते, एकदा साधली नाही म्हणून दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदाही टोचली जाते, आणि त्यात रुग्णाला वेदना व उपचारांना विलंब होतो. जेथे धमनीच हवी होती तेथे शिरेच्या रक्तावर समाधान मानले जाते, आणि रुग्ण डोळ्यांदेखत बेशुद्धीत जातो. या दोहोंच्या मधली वाट कशी ओळखावी, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

संज्ञांचा घोळ

प्रारंभ शब्दांपासूनच करणे भाग आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातवा अध्याय सिरांच्या वर्णविभागाचा, आठवा सिराव्यधविधीचा आणि नववा धमनींच्या विवरणाचा आहे. सिरा ७०० आणि धमनी २४ अशी गणना तेथे येते. सिरांचे चार वर्ग सांगितले आहेत : वातवह त्या अरुण, पित्तवह त्या नील, कफवह त्या गौर आणि रक्तवह त्या रोहिणी. यांतील ‘रोहिणी’ व ‘नीला’ हे शब्द आधुनिक मराठी परिभाषेने उचलले. मराठी विश्वकोशात शुद्ध रक्त नेणारी वाहिनी ती रोहिणी आणि अशुद्ध रक्त परत आणणारी ती नीला. सुश्रुतांचा मूळ अर्थ याहून वेगळा होता, हे आपण जाणतो. त्यामुळे प्राचीन संज्ञा आणि आजचे शारीर यांची जशीच्या तशी जुळणी करण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही.

व्यवहारात मात्र हा घोळ महागात पडतो. बोलीभाषेत प्रत्येक वाहिनी ही ‘शीर’च असते. केसपेपरवर नुसते ‘ब्लड गॅस’ असे लिहिले, तर नमुना कोठला हे वाचणाऱ्यास कळत नाही. यंत्रालाही ते आपोआप कळत नाही. नमुन्याचा प्रकार चालवणाऱ्याने भरावयाचा असतो. तो भरला नाही आणि शिरेचे रक्त धमनीचे म्हणून वाचले गेले, तर प्राणवायूचा दाब ३८ पाहून धावपळ सुरू होते. वस्तुतः शिरेच्या रक्तासाठी तो आकडा सर्वसामान्य असतो. म्हणून मागणीपत्रावर, नमुन्यावर आणि अहवालावर ‘धमनी’ किंवा ‘शीर’ हा शब्द स्पष्ट लिहिणे, ही या विषयातील पहिली शिस्त होय.

ज्या धमनीवर हे सारे चालते तिची आपल्याला वेगळी ओळख करून द्यावयास नको. अंगठ्याच्या मुळाशी असलेली ही धमनी शार्ङ्गधरांनी जीवाची साक्ष देणारी म्हणून गौरविली आहे. रोज तीन बोटे ठेवून आपण नाडी पाहतो ती हीच. तिच्याजवळच मणिबंध हे मर्म आहे, आणि सुश्रुतांनी त्याची गणना रुजाकर, म्हणजे वेदना देणाऱ्या मर्मांत केली आहे. धमनीतून रक्त घेताना रुग्ण का कळवळतो, हे वैद्याला निराळे सांगावे लागू नये.

परीक्षणाचा उगम

या तपासणीचा इतिहास बोधप्रद आहे. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण मोठ्या संख्येने दगावत होते. त्यांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढलेले आढळे, आणि चिकित्सक त्याचा अर्थ ‘रक्तात क्षार वाढला आहे’ असा लावीत. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी हा अर्थ उलटा केला. रुग्णाचा श्वास अपुरा पडत असून वायू आत साठत आहे, आणि रक्त क्षारधर्मी नसून आम्लधर्मी झाले आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २७ ऑगस्ट १९५२ रोजी एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद घेऊन त्यांनी हाताने पिशवी दाबीत श्वास दिला, आणि ती वाचली. पुढे वैद्यकाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांना असा श्वास देत राहिले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताचा पीएच मोजून त्यावरून वायूचा दाब काढण्याची पद्धत बसविली. त्याच दशकात अमेरिकेत क्लार्क यांचा प्राणवायूसाठीचा आणि सेव्हरिंगहाउस यांचा कार्बन डायऑक्साइडसाठीचा इलेक्ट्रोड तयार झाला, आणि आजच्या यंत्राचा पाया घातला गेला.

आकडा हाती होता, पण तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे न कळल्याने रुग्ण मरत होते, हे या कथेचे सार. शीर की धमनी या निवडीचे मर्मही तेच आहे.

१९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले आणि पुढील दोन दशकांत ते यंत्र सर्वत्र पोहोचले. प्राणवायूची संपृक्तता बोटावर कळू लागल्यामुळे, केवळ तेवढ्यासाठी धमनी टोचण्याचे कारण बऱ्याच अंशी उरले नाही.

दोन्ही रक्तांत फरक किती?

धमनीचे रक्त फुप्फुसांनी काय दिले ते सांगते. शिरेचे रक्त त्या हाताच्या धातूंनी त्यातून काय घेतले आणि काय परत केले ते सांगते. हे एक वाक्य ध्यानी ठेवले, तर पुढील आकडे पाठ करण्याचे श्रम हलके होतात.

धमनीच्या रक्ताचा पीएच निरोगी अवस्थेत ७.३५ ते ७.४५ असतो. शिरेच्या रक्ताचा तो सरासरीने सुमारे ०.०३ ने कमी भरतो. बायकार्बोनेट धमनीत २२ ते २६ असते. शिरेत साधारण १ ते २ ने अधिक. हे दोन्ही फरक लहान आहेत आणि बहुतेक रुग्णांत स्थिर राहतात. म्हणून आम्ल-क्षार विचारासाठी शिरेचे रक्त विश्वासार्ह ठरते.

कार्बन डायऑक्साइडच्या दाबाची गोष्ट निराळी. धमनीत तो ३५ ते ४५ मि.मी. पारा असतो. शिरेत सरासरीने ४ ते ६ मि.मी. अधिक असतो खरा, परंतु ही सरासरी फसवी आहे. एखाद्या रुग्णात अंतर नगण्य असते, तर दुसऱ्यात १० ते २० मि.मी. इतकेही असू शकते. शिरेच्या आकड्यातून ५ वजा करून धमनीचा आकडा काढण्याची प्रथा त्यामुळे त्याज्य आहे.

प्राणवायूच्या दाबाबाबत तर दोहोंत तुलनाच नाही. धमनीत तो निरोगी प्रौढात ८० ते १०० असतो, शिरेत ३० ते ४० च्या आसपास. आणि हात गार आहे की उष्ण, मूठ आवळली होती की सैल, यावर तो हलतो. शिरेच्या नमुन्यावरून प्राणवायूविषयी काहीही ठरवू नये.

प्रश्न आधी, सुई नंतर

सुई उचलण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे : मला काय जाणून घ्यावयाचे आहे? रक्त आम्ल झाले आहे काय, हा प्रश्न असेल, तर ऑक्सिमीटर आणि शीर पुरेशी आहे. फुप्फुसे वायू बाहेर टाकीत आहेत काय आणि किती, हा प्रश्न असेल, तर धमनीकडे वळावे.

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण मधुमेहातील कीटोअॅसिडोसिसचे. येथे पीएच, बायकार्बोनेट, पोटॅशियम आणि साखर यांवर सारा उपचार अवलंबून असतो, आणि ही सर्व उत्तरे शिरेच्या एका नमुन्यात काही मिनिटांत मिळतात. ब्रिटनमधील मधुमेह संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शिकेने २०१० पासून शिरेच्याच नमुन्याचा पुरस्कार केला आहे. अमेरिकी व युरोपीय मधुमेह संघटनांच्या २०२४ च्या संयुक्त निवेदनातही निदानासाठी शिरेचा पीएच ग्राह्य धरला आहे : पीएच ७.३ हून कमी किंवा बायकार्बोनेट १८ हून कमी, आणि सोबत रक्तातील कीटोन ३ किंवा अधिक. अशा रुग्णाला पहिल्या दिवशी अनेकदा नमुने द्यावे लागतात. दर वेळी मनगट टोचणे म्हणजे त्याला विनाकारण छळणे होय.

या व्याधीचा आपल्या व्यवसायाशी किती निकटचा संबंध आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो. मधुमेहावरील ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गातील गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन) मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपले; अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या, आणि आता त्या घरोघरी आहेत. हृदय आणि वृक्क यांना त्यांचा लाभ होतो, हे निर्विवाद. परंतु या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने अन्न वर्ज्य केले, तर साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०१५ मध्ये याचा इशारा दिला. २०२० मध्ये त्याने अशा गोळ्या नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान ३ दिवस (एर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस) थांबवाव्यात, असा बदल माहितीपत्रकात करविला. शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास हे त्यामागील एक मुख्य कारण होय.

आता आपल्या उपनगरांचा विचार करू. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे जैन समाज मोठा आहे. पर्युषणात आठ दिवसांची अठ्ठाई करणारे, केवळ उकळलेल्या पाण्यावर राहणारे श्रावक-श्राविका आपल्या दवाखान्यात येतात. श्रावणात व चातुर्मासात उपवास करणारे मराठी घरांतही कमी नाहीत. आणि आपण स्वतः लंघन सांगतो, विरेचनापूर्वी आहार बदलतो, संसर्जनक्रमात पेयेपासून सुरुवात करतो. ग्लिफ्लोझिन चालू असलेल्या रुग्णाला यांपैकी कोणतीही गोष्ट सांगण्यापूर्वी त्याच्या गोळ्यांची पाकिटे पाहणे, आणि ती गोळी किती दिवस थांबवावी याविषयी त्याच्या मधुमेहतज्ज्ञाशी बोलणे, हे कर्तव्य समजले पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्याचे इन्सुलिन तर आपल्या सांगण्यावरून कदापि बंद होता कामा नये.

असा रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मळमळ, पोटदुखी, थकवा आणि खोल, जलद श्वास घेऊन आला, तर चरकांनी वर्णिलेला महाश्वास आठवावा. छाती ऐकली असता स्वच्छ, ऑक्सिमीटरवर ९८, ग्लुकोमीटरवर १८०. तिन्ही आकडे धीर देतात आणि तिन्ही फसवतात. ‘उपवासाचा अशक्तपणा’ म्हणून त्याला घरी पाठविले, तर अनर्थ ओढवेल. त्याला लागतो तो शिरेचा एक नमुना आणि रक्तातील कीटोनची तपासणी. धमनी शोधण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. त्याचा प्राणवायू उत्तम आहे, हे बोटावरच दिसत असते.

वमन-विरेचनाच्या अतियोगातही शिरेचाच नमुना पुरतो. अतिवमनाने जठरातील आम्ल जाऊन रक्त क्षारधर्मी होते. अतिविरेचनाने बायकार्बोनेट जाऊन ते आम्लधर्मी होते, आणि पोटॅशियम दोहोंत घटू शकते. सोडियममधून क्लोराइड व बायकार्बोनेट यांची बेरीज वजा केली की ‘अॅनायन गॅप’ मिळतो. तो साधारण ८ ते १२ असतो. अतिसारात तो वाढत नाही. कीटोअॅसिडोसिसमध्ये किंवा लॅक्टेट साठल्यास वाढतो. एवढ्या वजाबाकीने कारणाचा निम्मा उलगडा होतो.

मुंबईचा पावसाळा म्हटला की डेंगी आलाच. बिंबाणू (प्लेटलेट) घटलेल्या रुग्णाची धमनी टोचणे म्हणजे मनगटात रक्ताची गाठ ओढवून घेणे. त्याला श्वासाचा त्रास नसेल, तर शिरेच्या रक्तावर लॅक्टेट व आम्लता पाहावी. शिरेतील लॅक्टेट २ हून कमी आले, तर ते निश्चिंतीचे लक्षण मानता येते. वाढलेले आले, तर आधी पट्टा फार वेळ आवळला होता काय, मूठ मिटवून ठेवली होती काय, हे तपासावे आणि मग धमनीतून पडताळा घ्यावा.

बंद न्हाणीघरातील वायू

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत, गॅसचा गिझर असलेल्या बंद न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या एका मुलीचा मृत्यू झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. हवा खेळती नसलेल्या लहान न्हाणीघरात जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तो रक्तरंजकाला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. अशा रुग्णात ऑक्सिमीटर ९८ किंवा ९९ दाखवितो, कारण साध्या ऑक्सिमीटरला दोन्ही वायूंतील भेद कळत नाही. धमनीतील प्राणवायूचा दाबही सामान्य येऊ शकतो. हवे असते ते कार्बोक्सिहिमोग्लोबिनचे प्रमाण. ते शिरेच्या आणि धमनीच्या रक्तात जवळजवळ सारखेच असते. म्हणून शिरेचा नमुना पुरतो. मात्र ज्या यंत्रात को-ऑक्सिमीटरची सोय आहे तेथेच हे मोजता येते, याची चौकशी आधी करावी. उपचार अर्थातच अहवालाची वाट पाहात नाही. रुग्णाला मोकळ्या हवेत आणून मास्कने भरपूर प्राणवायू त्वरित सुरू करावा.

जेथे धमनीला पर्याय नाही

आता दुसरी बाजू. भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांत आयुष्य घालविलेला, पूर्वी विडीचे व्यसन असलेला, जीर्ण श्वासरोगाचा (सीओपीडी) सत्तरीचा गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. सर्दी झाली, दम वाढला, म्हणून मुलाने यंत्राचा प्रवाह २ लिटरवरून ५ लिटरवर नेला. ऑक्सिमीटर ९८ दाखवू लागला. घरचे निश्चिंत झाले. दुपारपर्यंत आजोबा शांत झोपले, आणि संध्याकाळी हाक मारूनही उठेनात. प्राणवायू पुरेसा होता, परंतु कार्बन डायऑक्साइड साठत गेला, आणि त्याची खबर ऑक्सिमीटरला नसते. अशा रुग्णांत संपृक्ततेचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवावे, असे सांगितले जाते ते यासाठीच.

येथे धमनीचेच रक्त हवे. पीएच ७.३५ हून कमी आणि कार्बन डायऑक्साइड ४५ हून अधिक असेल, तर मास्कद्वारे यंत्राने श्वास देण्याचा (एनआयव्ही) विचार करावा लागतो. तो निर्णय अंदाजावर होऊ नये. घरी दीर्घकाळ प्राणवायू द्यावा काय, हेही रुग्ण स्थिर असताना धमनीतील दाब ५५ किंवा त्याहून कमी आहे काय यावर ठरते.

तथापि शिरेचे रक्त या प्रांतातही एक उपयोगी काम करते : नकार देण्याचे. मेलबर्नच्या डॉ. अॅन-मरी केली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले, की शिरेतील कार्बन डायऑक्साइड ४५ किंवा त्याहून कमी असेल, तर धमनीत तो घातक प्रमाणात वाढलेला असण्याची शक्यता जवळजवळ राहात नाही. म्हणजे दम्याच्या रुग्णात शिरेचा आकडा ४० आला, तर मनगट टोचण्याची गरज टळली. आकडा ५५ आला, तर तो किती खरा हे शीर सांगू शकणार नाही. तेथे धमनीकडे जावे.

रक्तदाब खालावलेल्या, हातपाय गार पडलेल्या रुग्णातही शिरेवर विसंबू नये. रक्ताभिसरण मंदावले, की धातूंमध्ये वायू साठतो आणि दोन्ही रक्तांतील अंतर रुंदावते. अशा वेळी बोटावरचा ऑक्सिमीटरही डगमगतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस झाला, आणि त्यानंतर उपनगरांत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. या रोगात वृक्के निकामी होऊन रक्त आम्ल होते, आणि फुप्फुसांत रक्तस्राव होऊन प्राणवायूही घटतो. एकाच रुग्णात दोन्ही प्रश्न उभे राहतात. त्याला त्वरित मोठ्या रुग्णालयात पाठवावे. धमनीचा नमुना तेथे घेतला जाईल.

गडद नखरंग किंवा काळी मेंदी यांमुळे, तसेच सावळ्या त्वचेत ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांत लपलेली प्राणवायूची उणीव गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात आढळली. लक्षणे आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवून धमनी तपासावी.

नमुना घेताना

सुश्रुतांनी सिरांपैकी ९८ अव्यध्य म्हणून वगळल्या आणि दुष्टव्यधाचे वीस प्रकार सांगितले. त्यांत अव्यध्य सिरेचा वेध आहे, तसाच पुनःपुन्हा केलेला वेधही आहे. हा विवेक आजही तितकाच लागू पडतो.

धमनीवेध हा प्रशिक्षण घेतलेल्यानेच, आपल्या नोंदणीच्या आणि संस्थेने दिलेल्या जबाबदारीच्या मर्यादेत करावा. मनगटातील दोन्ही धमन्या दाबून, कनिष्ठिकेच्या बाजूची सोडल्यावर तळवा पुन्हा लाल होतो काय, हे आधी पाहण्याची पद्धत आहे. डायलिसिसचा फिस्टुला असलेल्या हाताला हात लावू नये. वॉरफेरिन वा तत्सम औषधे चालू आहेत काय, हे विचारावे. वेध झाल्यावर किमान ५ मिनिटे, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरील रुग्णात त्याहून अधिक, स्वतः दाबून धरावे. ते काम नातेवाइकावर सोपवू नये.

नमुन्यात हवेचा बुडबुडा राहिला, तर प्राणवायूचा आकडा बिघडतो. सिरिंजमध्ये पातळ हेपरिन जास्त राहिले, तर बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड खोटे कमी दिसतात. प्लास्टिकच्या सिरिंजमधील नमुना ३० मिनिटांच्या आत यंत्रात गेला पाहिजे. लॅक्टेट पाहावयाचे असल्यास त्याहूनही लवकर. अंधेरी-कुर्ला रस्ता किंवा लाल बहादूर शास्त्री मार्ग संध्याकाळी पार करण्यास किती वेळ लागतो, हे वाचकांना सांगावयास नको. ज्या नर्सिंग होममध्ये यंत्र नाही, तेथून दुचाकीवर नमुना पाठविण्यापेक्षा, गंभीर रुग्णालाच यंत्र असलेल्या ठिकाणी हलविणे शहाणपणाचे ठरते.

रुग्ण साध्या हवेवर होता की प्राणवायूवर, आणि किती, हे लिहिल्याशिवाय धमनीच्या अहवालाला अर्थ नाही. अहवालात संपृक्तता ६५ टक्के आणि त्याच वेळी बोटावर ९७ असेल, तर नमुना चुकून शिरेचा आला असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

औषधविक्रेत्यांची भूमिका

या साखळीतील पहिला दुवा पुष्कळदा औषधविक्रेता असतो. ग्लिफ्लोझिनची गोळी देताना ‘उपवास किंवा पंचकर्म करणार असाल तर डॉक्टरांना आधी विचारा, वांत्या होत असतील तर थांबू नका’ हे दोन वाक्यांचे सांगणे एखाद्याचा जीव वाचवू शकेल. ऑक्सिमीटर विकताना तो कार्बन डायऑक्साइड दाखवीत नाही, हे सांगावे. कॉन्सन्ट्रेटर वा सिलिंडर भाड्याने देताना डॉक्टरांनी लिहिलेला प्रवाह त्यावर ठळक चिठ्ठीने चिकटवावा, आणि तो परस्पर वाढवू नये अशी समज द्यावी. लघवीतील कीटोनची पट्टी रक्तातील मुख्य कीटोन मोजत नाही; ती कोरी निघाली म्हणून ग्राहकाला निर्धास्त करू नये.

सारांश

आम्लतेचा प्रश्न असेल तर शीर. प्राणवायू बोटावर पाहावा. मधुमेही कीटोअॅसिडोसिस, अतिसार-वमनाचे उपद्रव आणि कार्बन मोनॉक्साइडची बाधा यांत शीर पुरते. शिरेतील कार्बन डायऑक्साइड ४५ च्या आत असल्यास धमनी वाचवावी. त्याहून अधिक असल्यास, जीर्ण श्वासरोगी झोपाळल्यास, रक्तदाब खालावल्यास किंवा ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवता न आल्यास धमनीच तपासावी. रुग्ण पुढे पाठविताना चिठ्ठीवर चालू औषधे, शेवटचा आहार केव्हा झाला, श्वासाची गती, ऑक्सिमीटरचा आकडा आणि तो साध्या हवेवरचा की प्राणवायूवरचा, एवढे अवश्य लिहावे.

आपल्या सभासदांपैकी जे नर्सिंग होम्समध्ये रात्रपाळी करतात, त्यांनी पुढच्या वेळी ‘एबीजी करून घ्या’ अशी सूचना मिळाल्यास नम्रपणे एवढेच विचारावे : ‘सर, प्रश्न प्राणवायूचा आहे की आम्लतेचा? शिरेतून चालेल काय?’ समंजस तज्ज्ञाला या प्रश्नाचा राग येणार नाही, आणि रुग्णाचे मनगट पुष्कळदा वाचेल.